समुद्रतळाच्या गाळातलं लोह-६०: सुपरनोव्हाची खूण इतकी पसरट का?

नमस्कार मंडळी,

खोल समुद्राच्या गाळात सुपरनोव्हाची, म्हणजे स्फोट होऊन फुटलेल्या मोठ्या ताऱ्याची, धूळ शोधतात, त्याबद्दल सध्या वाचतोय. एका ठिकाणी गाडी अडली आहे, जाणकारांनी मदत करावी.

लोह-६० हे लोहाचं किरणोत्सारी रूप मोठ्या ताऱ्यांत तयार होतं आणि स्फोटात बाहेर फेकलं जातं. त्याचं अर्धायुष्य सुमारे २६ लाख वर्षं, म्हणजे पृथ्वीच्या जन्मावेळचं केव्हाच संपलं. आज सापडतं ते नंतर बाहेरून आलेलं. १९९९ मध्ये म्युनिकच्या गटाला ते प्रशांत महासागराच्या तळावर साचलेल्या लोह-मँगनीजच्या कवचात मिळालं. पुढे २०१६ मध्ये वॉलनर आणि सहकाऱ्यांनी प्रशांत, अटलांटिक आणि हिंदी महासागरातले नमुने तपासले. त्यांत लोह-६० चा ३२ ते १५ लाख वर्षांपूर्वीचा एक वर्षाव दिसतो, आणि त्याआधी ८७ ते ६५ लाख वर्षांपूर्वीचा दुसरा.

एका स्फोटाची धूळ पंधरा-सतरा लाख वर्षं पडत राहील? कवचाचं समजू शकतो, ते दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढतं. पण गाळ हजार वर्षांत मिलिमीटरभर तरी साचतो, आणि तिथेही खूण पसरटच! तळाचे किडे गाळ ढवळतात म्हणावं, तर ते काही सेंटिमीटरपुरतं. हिशेब लाखभर वर्षांवरही जात नाही.

त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने प्रशांत महासागराच्या गाळातले चुंबकीय जिवाणूंचे अवशेष घेतले. हे जिवाणू विरघळलेलं लोह घेऊन मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाचे अतिसूक्ष्म स्फटिक बनवतात. नेहमीचं लोह मिसळून नमुना पातळ होऊ नये म्हणून तेवढेच स्फटिक सौम्य रसायनाने विरघळवले. (ही युक्ती मला फार आवडली.) त्यातही वर्षाव लांबलेलाच निघाला.

मग स्फोट एकाहून जास्त मानायचे का? वृश्चिक-नरतुरंग या मोठ्या, तरुण ताऱ्यांच्या गटाकडे बोट दाखवलं जातं, तिथे असे अनेक तारे फुटले असावेत म्हणे. की स्फोट एकच, पण धूळ वायूमागे रेंगाळत आली? अंटार्क्टिकाच्या गेल्या वीसेक वर्षांतल्या बर्फातही लोह-६० मिळालंय, म्हणजे ते अजूनही पडतंय, त्यामुळे मला दुसऱ्या शक्यतेचा मोह होतो. पण एवढ्यावर पैज लावणार नाही.

निव्वळ गाळाच्या मोजमापावरून या दोन शक्यता वेगळ्या करता येतात का? प्रवेगक वस्तुमान वर्णपटमापनात (अणू वेगवान करून, वस्तुमानानुसार वेगळे करून एकेक मोजण्याच्या पद्धतीत) लोह-६० चे अणू मोजकेच हाती लागतात. तेवढ्यावर एका रुंद शिखरात दोन अरुंद शिखरं ओळखता येतील? हे काम जवळून पाहिलेलं कुणी असेल तर जरूर लिहा.