कठीण काळात कोणतं पुस्तक उपयोगी पडलं? नाशिककरांचे अनुभव

आमच्या मंडळीतलं (चर्चमधलं) पुस्तकांचं कपाट माझ्याकडे असतं. उपासना संपली की कुणीतरी बाजूला घेऊन विचारतं, "ताई, भावाचं कशात मन लागत नाहीये, त्याला वाचायला काहीतरी द्या ना." पुस्तकांची नावं मला पाठ आहेत. पण नोकरी गेलेल्या माणसाला काय द्यावं, नुकतीच आई गेलेल्या मुलीला काय द्यावं, हे त्यातून गेलेल्यांनाच जास्त कळतं. म्हणून हा धागा सुरू करते आहे. कोणतं पुस्तक, कोणत्या अवस्थेत वाचलं आणि त्यातल्या कशाने धीर आला, एवढं लिहा. प्रोटेस्टंट, कॅथलिक, बाप्तिस्मा न घेतलेले, सगळ्यांनी लिहा. एकच विनंती: पुस्तक उपयोगी पडलं नसेल तर तेही मोकळेपणाने सांगा.

परिचारिका, नाशिकरोड

2021 च्या दुसऱ्या लाटेत मी कोविड वॉर्डात होते. लाट ओसरली, सगळे पूर्ववत झाले आणि मी मात्र तेव्हा खचले. झोप नाही, प्रार्थनेला बसलं की रडू. मंडळीत लोक म्हणायचे, विश्वास ठेव, आनंद कर. ते ऐकून अजूनच अपराधी वाटायचं.

आमच्या पाळकसाहेबांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) पत्नींनी मला मार्टिन लॉइड-जोन्स यांचं 'स्पिरिच्युअल डिप्रेशन' दिलं. 1965 चं पुस्तक आहे, लंडनच्या वेस्टमिन्स्टर चॅपलमधल्या प्रवचनांचं. लेखक पाळक होण्याआधी डॉक्टर होते आणि ते पानोपानी जाणवतं. सुरुवात बायबलमधल्या 42 व्या स्तोत्रापासून होते, जिथे स्तोत्रकर्ता आपल्याच जिवाला विचारतो की तू एवढा खिन्न का झालास. लॉइड-जोन्स म्हणतात, आपण दिवसभर आपल्या मनाचं ऐकत बसतो, त्यापेक्षा आपणच मनाशी बोलायला हवं. हे मी अक्षरशः करायला लागले. ड्यूटीवर जाताना बसमध्ये मनातल्या मनात स्तोत्र म्हणायचं आणि स्वतःला उत्तर द्यायचं.

पण मला सगळ्यात मोठा आधार दुसऱ्याच गोष्टीचा झाला. खिन्नतेची कारणं सांगताना त्यांनी माणसाचा स्वभाव आणि शरीराचा थकवा, आजार यांनाही जागा दिली आहे. प्रत्येक वेळी पापच शोधायला जाऊ नका, असं एक डॉक्टर-पाळक सांगतो आहे म्हटल्यावर मी निर्धास्तपणे मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. गोळ्या काही महिने चालल्या, पुस्तकही सोबत चाललं. बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट आठवा (1 राजे 19). तो झुडपाखाली मरण मागत होता. देवदूताने त्याला आधी खायला दिलं, झोपू दिलं, परत खायला दिलं. उपदेश नंतर.

इंग्रजी जड वाटणाऱ्यांनी एका वेळी एकच प्रवचन घ्यावं. तेवढं पुरतं.

निवृत्त कामगार, जेलरोड

पत्नी गेल्यावर घरी भेटायला येणाऱ्यांनी बरीच पुस्तकं आणून दिली. बहुतेक विजयी जीवनाबद्दलची. चांगलीच असतील, पण त्या दिवसांत मला उघडवेनात.

मुलीने सी. एस. लुईस यांचं 'अ ग्रीफ ऑब्झर्व्ड' आणलं. रोज संध्याकाळी ती दोन पानं वाचायची आणि मराठीत सांगायची. 1960 साली लुईस यांची पत्नी जॉय कर्करोगाने गेली, त्यानंतर त्यांनी वह्यांत जे लिहिलं त्याचं हे पुस्तक. 1961 मध्ये छापलं तेव्हा त्यावर त्यांचं नावही नव्हतं, एन. डब्ल्यू. क्लार्क हे टोपणनाव घातलं होतं. ख्रिस्ती विश्वासावर एवढं लिहिलेला माणूस, आणि इथे तो देवाकडे थेट तक्रार करतो: गरज नसताना देव जवळ वाटत होता, आता जिवाच्या आकांताने हाक मारली तर दार बंद. मी मुलीला म्हणालो, थांब, हे परत वाच. जे मी पाळकांसमोर बोलायला धजत नव्हतो ते एका विश्वासणाऱ्याने छापून ठेवलं होतं.

पुस्तक छोटं आहे आणि शेवटी सगळी उत्तरं मिळतात असं नाही. त्यानंतर मी स्तोत्र 88 काढून वाचलं. ते तर अंधारातच संपतं. तेही पवित्र शास्त्रात आहे, याने मला उभं केलं.

धागाकर्ती

काका, मनापासून आभार. सांत्वनाला जाणाऱ्या सगळ्यांनी हे ध्यानात ठेवावं. बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, तोवर ते बरोबर होते. बोलायला लागल्यावर बिघडलं. शोकात असलेल्याच्या घरी पहिल्या आठवड्यात पुस्तक नेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. डबा न्या, सोबत बसा. पुस्तक महिनाभराने.

द्राक्ष बागायतदार, दिंडोरी तालुका

मी पुस्तकं वाचणारा माणूस नाही. अवकाळीने माल तडकला, सोसायटीचं कर्ज डोक्यावर, त्या साली भाऊबंदांपैकी एकाने बायबलमधलं हबक्कूक संदेष्ट्याचं पुस्तक वाच म्हणून सांगितलं. तीनच अध्याय आहेत. पहिल्यात तो देवाशी भांडतो. शेवटी म्हणतो, अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. हे शेतकऱ्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे आता छाटणीच्या आधी घरात सगळे बसून तो अध्याय वाचतो.

गृहिणी, पंचवटी

मी ख्रिस्ती नाही, पण ताईंनी सगळ्यांना बोलावलं आहे म्हणून लिहिते. माझे यजमान काही वर्षांपासून चर्चला जाऊ लागले. घरात केवढं वादळ झालं ते सांगत बसत नाही. सासरच्यांचा राग, माहेरच्यांचे प्रश्न, आणि आमच्या दोघांमधला अबोला. त्यांचे मित्र मला पत्रकं द्यायचे. मी ती घडी न उघडता ठेवून द्यायचे.

शेजारच्या निवृत्त शिक्षिकेने लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' दिलं आणि म्हणाली, धर्माचं पुस्तक म्हणून वाचू नकोस, एका बाईची गोष्ट म्हणून वाच. लक्ष्मीबाई आपल्या नाशिकच्याच, 1868 साली जलालपूरला जन्मलेल्या. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा संसार उभा दुभंगला. त्या काळातल्या ब्राह्मण घरातल्या बाईवर काय कोसळलं असेल! ते सगळं त्यांनी लपवलं नाही. टिळकांचा तापटपणा, विसराळूपणा, हातात पैसा न टिकणं, सगळं लिहिलं आणि तरीही त्या माणसावरची माया ओळीओळीत आहे. पुढे 1900 मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. पण मधली वर्षं त्यांनी कशी काढली, सोवळंओवळं आणि जातपात यांबद्दलचं त्यांचं मन टप्प्याटप्प्याने कसं पालटत गेलं, तो भाग मी पुन्हा पुन्हा वाचला. कुणी त्यांना ढकललं म्हणून त्या बदलल्या नाहीत. त्यांना पटलं तेव्हा बदलल्या.

मी ते पुस्तक यजमानांसमोर ठेवलं आणि म्हटलं, तुम्हीही वाचा. त्यांनी वाचलं. त्यानंतर आम्ही खूप दिवसांनी नीट बोललो. त्यांनी मला चर्चला चल म्हणणं थांबवलं आणि मी त्यांच्या रविवारच्या जाण्यावरून बोलणं थांबवलं. आता तेच कधी कधी अभंगाच्या चालीवरची टिळकांची गीतं गुणगुणतात, मला ती आवडतात. एका घरात दोन श्रद्धा नांदत असतील तिथे हे पुस्तक नवरा-बायको दोघांनी वाचावं.

आजी, सिडको

जाड पुस्तकं आणू नका गं, डोळ्यांना झेपत नाहीत. 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक मोठ्या अक्षरात मिळालं तर आणा. टिळकांची गीतं निम्मी पाठच आहेत, पुढची ओळ अडली की पान बघायचं. रात्री दुखणं वाढलं की तेच जवळ असतं.

शिक्षिका, कॅथलिक, नाशिकरोड

बाळ येशूच्या यात्रेला दरवर्षी येणाऱ्या एका धर्मभगिनीने मला हेन्री नोवेन यांचं 'द रिटर्न ऑफ द प्रॉडिगल सन' सुचवलं. नोवेन हे कॅथलिक धर्मगुरू. येशूच्या दाखल्यातल्या उधळ्या पुत्राचं रेम्ब्रांटने काढलेलं चित्र आहे, त्याच्यासमोर तासन् तास बसून त्यांनी त्यावर लिहिलं. मी आईवडिलांचं सगळं करणारी थोरली. धाकटा भाऊ परदेशातून आठवड्याला एक फोन करतो आणि घरात कौतुक त्याचं. या पुस्तकात दाखल्यातल्या थोरल्या मुलावर मोठा भाग आहे: घरातच राहिलेला, कष्ट केलेला, पण आतून कडवट झालेला. बापाने त्यालाही आत ये म्हणून विनवलं होतं, हे मी लहानपणापासून ऐकत होते. चाळिशीत पहिल्यांदा ते माझ्यासाठी आहे असं वाटलं. आजारी आईवडिलांची सेवा करणाऱ्या प्रत्येकाला मी हे सुचवते. शास्त्रपाठासाठी सोबत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' ठेवा. मराठी ओघवती आहे.

पाळक, शहरातली एक मंडळी

समुपदेशन करणाऱ्यांसाठी लिहितो. जे अ‍ॅडम्स यांचं 'कॉम्पिटंट टू काउन्सेल' 1970 मध्ये आलं आणि शास्त्राधारित समुपदेशनाची चळवळ तिथून सुरू झाली. ते वाचावं, पण एकटं वाचू नये. सगळं पापाच्या चौकटीत बसवायची घाई त्यातून लागू शकते. पॉल ट्रिप यांचं 2002 चं 'इन्स्ट्रुमेंट्स इन द रिडीमर्स हँड्स' मला जास्त जवळचं आहे. प्रेम करा, माणूस जाणून घ्या, मग बोला, मग कृतीत साथ द्या, असा त्याचा क्रम आहे. आम्ही पाळक बहुधा तिसऱ्या पायरीपासून सुरू करतो. तरुण कार्यकर्त्यांचा गट करून एकेक प्रकरण चर्चेला घेतलं, त्याचा फायदा भेटी देताना दिसतो.

महाविद्यालयीन विद्यार्थिनी, गंगापूर रोड

कोरी टेन बूम यांचं 'द हायडिंग प्लेस'. दुसऱ्या महायुद्धात ज्यूंना घरात लपवल्याबद्दल कोरी आणि तिची बहीण अशा दोघी नाझींच्या रावेन्सब्रुकच्या छळछावणीत गेल्या. बराकीत पिसवांचा सुळसुळाट होता, म्हणून पहारेकरी आत यायचे नाहीत, म्हणून तिथे बायबल वाचता यायचं. होस्टेलवर मी फार एकटी होते तेव्हा एका रात्रीत वाचलं. युद्धानंतर त्याच छावणीतला पहारेकरी समोर येऊन क्षमा मागत हात पुढे करतो, तो प्रसंग विसरता येत नाही.

धागाकर्ती

हे पुस्तक मलाही फार प्रिय आहे, म्हणूनच एक सांगते. घरात मार खाणाऱ्या बाईच्या हातात क्षमेचं पुस्तक देऊन तिला परत पाठवू नका. कोरीने क्षमा केली तेव्हा ती छावणीतून बाहेर होती. आधी त्या बाईला सुरक्षित जागा, 181 ही महिला हेल्पलाइन, सोबत जाणारं माणूस. क्षमेबद्दल तिला पुढे कधी बोलावंसं वाटलं तर ती बोलेल.

अंबड, कारखान्यात सुपरवायझर

माझा धाकटा भाऊ स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. दोनदा थोडक्यात हुकला. आता खोलीतून बाहेर येत नाही, मी संपलो असं बोलतो. त्याला कोणतं पुस्तक देऊ?

परिचारिका, नाशिकरोड

दादा, तो "मी संपलो" म्हणतो तेव्हा नक्की काय मनात आहे, ते आज रात्रीच त्याला सरळ विचारा. जीव द्यावासा वाटतो का, असंच स्पष्ट विचारा, विचारल्याने ते वाढत नाही. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका. 14416 वर टेली-मानसला फोन लावा, मानसिक आरोग्याची सरकारी सेवा आहे, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं. आणि डॉक्टरांकडे घेऊन जा. पुस्तक त्यानंतर बघू.

धागाकर्ती

दादा, मीही हेच म्हणते. रविवारची वाट बघू नका. लागलं तर पाळकसाहेब आणि मी उद्या संध्याकाळी घरी येतो, तुमचा पत्ता मला खासगीत कळवा.