मुलीची शाळेची चित्रकला सहल युरोपला जातेय. पाठवावं का? शाळेला काय काय विचारावं?

चौपाडकर
नमस्कार. मुलगी नववीत आहे. एलिमेंटरी झाली, इंटरमिजिएटला 'अ' श्रेणी आली. वही आणि पेन्सिल जवळ नसली की तिला चैन पडत नाही. शाळेने मे महिन्यात चित्रकलेच्या मुलांना युरोपला न्यायचं ठरवलंय. माणशी अडीच लाखांच्या आसपास खर्च सांगितलाय. सोलापुरात आमचं कापडाचं छोटं दुकान आहे, एफडी मोडावी लागेल. सासरे मात्र ठाम आहेत की पाठवायचंच. ते चादरीच्या कारखान्यात डिझाइनचे ग्राफ, म्हणजे चौकटीच्या कागदावर नक्षीचे आराखडे, काढायचे. नात त्यांच्या शेजारी बसूनच चौकोन रंगवायला शिकली.

कार्यक्रम असा आहे: रविवारी पॅरिसला पोहोचायचं. सोमवारी बसमधून शहर आणि आयफेल. मंगळवारी सकाळी लूव्र, दुपारी स्वित्झर्लंडकडे. बुधवार-गुरुवार बर्फाचे डोंगर. शुक्रवारी इटलीत फ्लोरेन्स, शनिवारी रोम, रविवारी परत.

आमच्या घरातलं कुणीच परदेशी गेलेलं नाही. जाणकारांनी मोकळेपणाने सांगावं.

रंगपेटी
ताई, आधी एक तातडीची गोष्ट. मंगळवारी लूव्र बंद असतं, दर मंगळवारी. म्हणजे चित्रकलेच्या सहलीतलं सर्वांत मोठं संग्रहालय तुमच्या मुलांना बाहेरूनच बघावं लागेल. उद्याच शाळेत जाऊन सांगा. पॅरिसचीच ओर्से आणि क्लूनी ही संग्रहालयं सोमवारी बंद, फ्लोरेन्सचं उफिझीही सोमवारी बंद. वार बघूनच आखणी करावी लागते.

मी तीस वर्षं चित्रकला शिकवली आणि दोनदा मुलांना घेऊन गेलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्या कार्यक्रमात तीन देश आहेत, चित्रं बघायला वेळ मात्र दीड दिवसाचा आहे. बर्फाचे डोंगर सुंदर आहेत, पण त्यासाठी चित्रकलेची सहल कशाला? पॅरिसला चार रात्री आणि फ्लोरेन्सला तीन, एवढंच ठेवायला सांगा. एका संग्रहालयाला अर्धा दिवस, त्यात तीन-चार दालनं, आणि एका चित्रासमोर निदान अर्धा तास बसून रेखाटन. मुलांना खरं काही मिळतं ते या अर्ध्या तासात. लूव्रमधली मोनालिसा फक्त ७७ सेंमी उंच आणि ५३ सेंमी रुंद आहे, समोर गर्दी एवढी की मुलं फोन वर करून फोटो काढतात आणि ढकलली जातात. त्याच दालनात समोरच्या भिंतीवर व्हेरोनेसेचं लग्नाच्या मेजवानीचं चित्र आहे, जवळजवळ १० मीटर रुंद. माझी मुलं तिथे खाली बसली आणि शंभरावर माणसांचा घोळका चित्रकाराने कसा बांधलाय ते रेघांनी शोधत राहिली. त्यांच्या त्या वह्या मी अजून जपून ठेवल्यात.

सोबत फक्त पेन्सिल आणि छोटी वही द्या. दालनात ओले रंग चालत नाहीत.

पुणे_अपडाऊन
कागदपत्रांचं मी सांगतो, मुलाच्या वेळी सगळं केलंय.

पासपोर्टला आजच लागा. सोलापुरातच पोस्टाच्या पासपोर्ट केंद्रात काम होतं. मूल अठराच्या आतलं असल्यामुळे आई-वडील दोघांच्या संमतीचं 'अनेक्शर डी' लागतं. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच व्हिसा) पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने हवी. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो, शेवटच्या पंधरा दिवसांत मात्र घेत नाहीत. बारा वर्षांवरच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेतात, त्यामुळे तिला स्वतः व्हिसा केंद्रावर जावं लागेल. तिच्या परीक्षेच्या तारखा बघून अपॉइंटमेंट घ्या. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो.

आणि हे नक्की विचारा: शेंगेनच्या नियमांत शिक्षणासाठी जाणाऱ्या शाळकरी मुलांना आणि सोबतच्या शिक्षकांना व्हिसा शुल्क माफ आहे. शाळेचं पत्र त्या हेतूने नीट लिहिलेलं हवं. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं, ते भरावंच लागतं. लूव्र, ओर्सेसारख्या राष्ट्रीय संग्रहालयांत १८ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत असतो. तेव्हा अडीच लाखांत मुलांच्या 'तिकिटां'चे पैसे धरले असतील तर ते कशाचे, हे लेखी मागा. टूर पॅकेजवर टीसीएस (टूरवाल्याने आधीच घेतलेला आयकर) कापतात, तो तुमच्या पॅनवर दिसतो आणि रिटर्नमध्ये वळता करता येतो. पावती जपा.

सातरस्ता
माझी मुलगी एका संस्थेच्या सहलीला गेली होती. व्हिसा नाकारला गेला तर पैसे किती परत, हे आम्ही विचारलंच नव्हतं. तिच्या मैत्रिणीचा नाकारला आणि निम्म्याहून जास्त पैसे बुडाले. त्या घराचे हाल बघितलेत, म्हणून कळकळीने सांगते, हे आधी लिहून घ्या. किती मुलांमागे एक शिक्षक, बाई शिक्षिका मुलींच्याच मजल्यावर राहणार का, आजारी पडली तर कोण थांबणार, हेही विचारा. पॅरिसच्या मेट्रोत पाकीटमार फार आहेत, पासपोर्ट गळ्यातल्या पाऊचमध्ये, कपड्यांच्या आत.

खाण्याचं म्हणाल तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी द्या. आठ दिवस काही होत नाही आणि पोरगी उपाशी राहत नाही. पेढे, खवा, तूप मात्र देऊ नका. दुधाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत.

ताणाबाणा
आजोबा ग्राफ काढायचे हे वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. माझ्या वडिलांचेही माग होते, साखर पेठेत.

ताई, मुलीला क्लूनी संग्रहालय बघायला मिळेल असं बघा. तिथे साधारण १५०० सालच्या सहा भिंतपडद्यांची मालिका आहे, 'स्त्री आणि एकशिंगी घोडा' म्हणून ओळखतात. लोकर आणि रेशीम, लाल जमीन, त्यावर शेकडो फुलं. पाच पडदे पाच ज्ञानेंद्रियांचे, सहाव्याच्या अर्थावर अजून वाद चालतो. हे विणलंय आपल्या पैठणीच्या पद्धतीने: बाणा, म्हणजे आडवा धागा, या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही, प्रत्येक रंगाचा धागा त्याच्या त्याच्या जागेपुरता फिरून मागे वळतो. पैठणीचा पदर हातात घेतलेल्या पोरीला ते बघताक्षणी कळेल.

दुसरी जागा पॅरिसचंच आर्ट्स ए मेतिए संग्रहालय. आपण चादरीच्या मागाला जेकार्ड म्हणतो ना, ते ल्योंच्या जॅकार या माणसाचं नाव. त्याने १८०४ च्या सुमारास भोकांच्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग बनवला; ग्राफवरच्या चौकोनांप्रमाणे पुठ्ठ्यात भोकं पाडतात आणि त्यांप्रमाणे नक्षी विणली जाते. त्याच्या आधीचा, व्होकान्सन या फ्रेंच संशोधकाचा माग या संग्रहालयात आहे. आजोबांनी आयुष्यभर ज्या पुठ्ठ्यांसाठी ग्राफ भरले, त्यांची सुरुवात नातीने डोळ्यांनी बघावी असं मला फार वाटतं.

जायच्या आधी औंधला एक चक्कर मारा, सातारा जिल्ह्यातल्या. भवानी संग्रहालय १९३८ चं, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेलं. रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं 'मदर अँड चाइल्ड' शिल्प आहे. मूळ कलाकृतीसमोर कसं थांबायचं याची सवय घराजवळच लागेल.

चौपाडकर
सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय, कारण मधल्या काळात पालकसभा झाली.

मंगळवारची गोष्ट सांगितली तेव्हा सर क्षणभर गप्पच झाले, मग त्यांनी स्वतः फोन करून खात्री केली. कार्यक्रम बदलतोय. स्वित्झर्लंड काढावं असं आम्ही अकरा पालकांनी लिहून दिलं. दोन-तीन घरांना बर्फ हवाच होता, त्यावर बरीच चर्चा झाली. शेवटी पॅरिस आणि फ्लोरेन्स एवढंच ठरलंय. क्लूनी बुधवारी सकाळी धरलंय, मागाचं संग्रहालय त्याच दुपारी. व्हिसा नाकारला तर काय, याचं लेखी उत्तर या आठवड्यात देणार आहेत. ते हातात आल्यावरच एफडीला हात लावेन.

ताणाबाणा दादा, तुमचं लिहिलेलं सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते आत गेले आणि कपाटातून जुन्या ग्राफची गुंडाळी घेऊन आले, कमळाचं डिझाइन, कडा पिवळ्या पडलेल्या. आता आजोबा-नात मिळून ते नव्या कागदावर उतरवतायत. तो कागद ती बरोबर नेणार आहे.

येत्या रविवारी पहाटे औंधला निघतोय. पंढरपूर मार्गे रस्ता सध्या कसा आहे, कुणी अलीकडे गेलंय का?