डिशवर आपल्या राज्याच्या राजधानीचं टीव्ही स्टेशन घेता यायला हवं की नको?

पठारवासी

नमस्कार मंडळी. मी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या नैर्ऋत्य टोकाला, ला प्लाटा काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) ड्युरँगोला राहतो. ऑक्टोबर २०१४ मधली एक संध्याकाळ आधी सांगतो.

आमच्याकडे मतपत्रिका टपालाने घरी येते. ती जेवणाच्या टेबलावर उघडून ठेवली होती, बायको पोळ्या लाटत होती आणि टीव्हीवर सिनेटर युडॉल यांची प्रचाराची जाहिरात लागली होती. "हेच ना आपले?" तिने विचारलं. मी मतपत्रिका पाहिली. कागदावर मार्क युडॉल, पडद्यावर टॉम युडॉल. दोघे चुलतभाऊ, दोघेही त्याच वर्षी सिनेटला उभे, पण टॉम न्यू मेक्सिकोतून. आमच्या मताशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. आमच्या राज्यात मार्क युडॉल आणि कोरी गार्डनर यांची अटीतटीची लढत चालली होती (शेवटी गार्डनर निवडून आले), आणि आम्ही मात्र रोज शेजारच्या राज्याचा प्रचार बघत होतो.

असं का होतं? प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या नील्सन कंपनीने देशाचे २१० टीव्ही बाजार पाडलेत आणि प्रत्येक काउंटी त्यातल्या एकाच्या पदरात टाकलीय. आमची काउंटी गेली न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहराच्या वाट्याला. डिशवाल्या कंपनीने आम्हाला एबीसी, सीबीएस, एनबीसी, फॉक्स ही मोठी नेटवर्क द्यायची ती अल्बुकर्कीच्या स्टेशनांची. आमची राजधानी डेन्व्हर, पण तिथलं स्टेशन आमच्यासाठी कायद्याने 'दूरचं' होतं. ते कोणाला मिळे? ज्याला छतावर अँटेना लावूनही आपल्या बाजारातलं स्टेशन पकडता येत नाही त्याला. इथले लोक आमच्यासारख्या भागाला 'अनाथ काउंटी' म्हणतात.

माझं म्हणणं एवढंच: अल्बुकर्की काढू नका, ते राहू द्या. पण जो माणूस पैसे मोजायला तयार आहे त्याला त्याच्या स्वतःच्या राज्याच्या राजधानीची स्टेशनं जोडीला घेता आली पाहिजेत. ज्या विधानसभेत माझ्या पाण्याचा, माझ्या मुलीच्या शाळेचा निर्णय होतो, तिची बातमी मला घरात दिसली पाहिजे.

जाहिरात_विभाग

अकरा वर्षं एका लहान बाजारातल्या स्टेशनच्या जाहिरात विभागात आहे, म्हणून विरोधी बाजू मांडते. तुमची तळमळ खरी आहे, पण उपाय चुकतोय.

लहान स्टेशन चालतं कशावर? गावातला गाड्यांचा डीलर, फर्निचरचं दुकान, दोन-तीन वकील आणि निवडणुकीचा हंगाम. शिवाय १९९२ च्या केबल कायद्यापासून केबल आणि डिश कंपन्या पुनर्प्रक्षेपणाच्या परवानगीसाठी स्टेशनला दर ग्राहकामागे पैसे देतात. हे सगळं एका गोष्टीवर टिकून आहे: आमच्या भागात त्या नेटवर्कचा फुटबॉलचा सामना किंवा रात्रीची मालिका आमच्याच चॅनेलवर दिसते. उद्या तीच मालिका मोठ्या शहराच्या स्टेशनवरून त्याच घरात आली, की आमच्या फर्निचरवाल्याची जाहिरात बघणारे कमी झाले. त्याला हे समजायला एक महिना पुरतो. पुढच्या महिन्यात तो रक्कम निम्मी करतो.

आणि त्या पैशातून काय होतं तेही सांगते. मागच्या वसंतात रात्री पावणेदोनला वादळाचा इशारा आला. आमचा हवामानवाला घरून चप्पल घालून तसाच धावत आला आणि पहाटे साडेचारपर्यंत उभा राहून रस्त्यांची नावं घेऊन सांगत होता, कोणी तळघरात जायचं, कोणी थांबायचं. साडेतीनशे मैलांवरचं मोठं स्टेशन आमच्या गावातल्या गल्ल्यांची नावं घेणार आहे का?

तुमच्या बाबतीत तर अल्बुकर्की जवळ आहे. रस्त्याने डेन्व्हर साडेसहा-सात तास, अल्बुकर्की चारच्या आत. ऑगस्ट २०१५ मध्ये गोल्ड किंग खाणीचं पाणी फुटून तुमची अॅनिमस नदी हळदीसारखी पिवळी झाली, तेव्हा ती नदी पुढे न्यू मेक्सिकोतच जात होती ना? ती बातमी अल्बुकर्कीच्या स्टेशनांसाठी घरचीच होती.

पठारवासी

गोल्ड किंगचं अगदी मान्य. न्यू मेक्सिकोतल्या फार्मिंग्टनचं पिण्याचं पाणी त्याच नदीतून, त्यामुळे अल्बुकर्कीच्या स्टेशनांनी ती बातमी धरून ठेवली. मी पुलावर उभा राहून तो रंग पाहिलाय, तीस लाख गॅलन घाण पाणी. पण नेमकं इथेच बघा: नदी सीमा ओलांडते म्हणून आमची बातमी होते. जे सीमा ओलांडत नाही त्याचं काय? पाणीवाटपाचा कायदा, शाळांचा निधी, वाइल्डफायरनंतरचे विम्याचे नियम, हे सगळं डेन्व्हरला ठरतं. अल्बुकर्कीचा वार्ताहर तिथे का जाऊन बसेल? त्याचे प्रेक्षक न्यू मेक्सिकोचे. मी त्याला दोष देत नाही.

जुना_डिशवाला

यात थोडा इतिहास घालतो, कारण हे दार एकदा बऱ्यापैकी उघडं होतं.

१९८८ च्या सॅटेलाइट होम व्ह्यूअर कायद्याने दूरच्या नेटवर्क स्टेशनांना वाट मिळाली. मोठ्या डिशच्या काळात 'डेन्व्हर ५' नावाचा गठ्ठा मिळायचा, डेन्व्हरची स्टेशनं देशभरात. गंमत बघा, तेव्हा ती कुठेही मिळत होती. पण कंपन्यांनी ज्यांना अँटेनावर चित्र स्वच्छ दिसत होतं त्यांनाही सर्रास विकली, स्टेशनं कोर्टात गेली, आणि १९९८ मध्ये मायामीच्या फेडरल कोर्टाने डिशवर अशी स्टेशनं विकणाऱ्या प्राइमटाइम २४ कंपनीला चाप लावला. १९९९ च्या कायद्याने डिशवर लोकल स्टेशनं द्यायला परवानगी मिळाली. ती चांगलीच गोष्ट झाली. मग २००६ मध्ये अकराव्या सर्किटच्या अपील कोर्टाच्या निकालानंतर एकोस्टारला, म्हणजे डिश नेटवर्कला, दूरची नेटवर्क स्टेशनं पूर्ण बंद करावी लागली. १ डिसेंबर २००६. त्या दिवशी लाखो घरांतले ते चॅनेल गेले.

माझं घरही त्यातच. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात, दरीच्या तळाशी. संगणकाच्या नकाशात आमचं घर 'सिग्नल मिळणारं' होतं. प्रत्यक्षात छतावर वीस फुटी खांब रोवून त्यावर अँटेना चढवला तरी दोन स्टेशनांवर माणसांच्या सावल्या आणि मुंग्या. सूट मागायची पद्धत अशी: डिश कंपनी तुमच्या वतीने स्टेशनला विचारणार, स्टेशनने तीस दिवसांत हो-नाही कळवायचं. तीन स्टेशनांनी हो म्हटलं, चौथ्याने नाही. कारण दिलंच नाही. ते पत्र माझ्या आईच्या औषधांच्या फाइलमध्ये अजून आहे, कारण बातम्या तिलाच हव्या असायच्या. त्यामुळे जाहिरात_विभाग ताई, तुमच्या हवामानवाल्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ज्या घरात तुमचं चित्र पोचतच नव्हतं, ते घर अडवून फर्निचरवाल्याला काय मिळालं?

जाहिरात_विभाग

तुमच्या घराला नकार मिळाला ते चूकच होतं, त्याचं समर्थन करणार नाही. पण त्या घराचं नाव पुढे करून ज्यांच्याकडे स्वच्छ चित्र येत होतं अशांना चॅनेल विकले गेले, हेही तुम्हीच लिहिलंत. त्याची किंमत खऱ्या गरजूंनी भरली.

तरंगलांबी

उपग्रहाच्या बाजूचं काम करतो, म्हणून एक गैरसमज दूर करतो. "आकाशात सिग्नल आहेच, फक्त बटण दाबायचं आहे" असं बऱ्याच जणांना वाटतं. देशभर एकच मोठा झोत पडायचा तेव्हा ते खरं होतं. आता लोकल स्टेशनं छोट्या झोतांवर असतात. डेन्व्हरचा झोत एका भागावर, अल्बुकर्कीचा दुसऱ्यावर, आणि पुरेशा अंतरावर तीच फ्रिक्वेन्सी पुन्हा वापरतात. म्हणून तर २१० बाजारांची शेकडो स्टेशनं मोजक्या उपग्रहांवर मावतात. झोताच्या कडेबाहेर असाल तर कायद्याने हो म्हटलं तरी रिसीव्हर कोराच राहणार. खोटा पत्ता देऊन दुसऱ्या शहराचं पॅकेज घेणारे लोक हाच दगड डोक्यावर पाडून घेतात.

सह्याद्रीप्रेमी

पुण्याहून लिहितेय. मला हा वादच अजब वाटतो. माझी बहीण बंगळुरूला, आत्या इंदूरला. दोघी डिशवर सह्याद्री बघतात, सगळ्या मराठी वाहिन्या बघतात, कोणी विचारत नाही की तुमचा बाजार कुठला. २०१९ पासून तर एकेक वाहिनी निवडून पैसे भरायचे. बेळगावातला माणूस मुंबईच्या बातम्या बघतो म्हणून कन्नड वाहिन्या बुडाल्या का?

तरंगलांबी

ताई, तुलना मनाला पटते पण रचना वेगळी आहे. आपल्याकडे जमिनीवरच्या मनोऱ्यावरून टीव्ही दाखवायची मुभा फक्त दूरदर्शनला. खाजगी वाहिनी सुरुवातीपासूनच उपग्रहावर, सगळ्या देशासाठी एकच. अमेरिकेत नेटवर्क म्हणजे शेकडो वेगवेगळ्या मालकांची स्टेशनं, प्रत्येकाने आपल्या भागापुरता करार केलेला. आपल्याकडे हा प्रश्न उद्भवलाच नाही. पण त्याची दुसरी बाजूही बघा: बुलढाण्याचं किंवा सिंधुदुर्गाचं स्वतःचं, रात्री दोनला जागं राहणारं टीव्ही स्टेशन कुठे आहे?

सह्याद्रीप्रेमी

हे मात्र खरं. सांगली-कोल्हापूरच्या २०१९ च्या पुरात आमच्या माणसांना गल्लीची खबर व्हॉट्सअॅपवरच मिळत होती. तरीही मी पठारवासींच्या बाजूने. त्यांनी जोडीला मागितलंय.

चाकांवरचं_घर

निवृत्तीनंतर आम्ही दोघं आरव्हीत, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीत, फिरतो. आमच्या गाडीवरच्या डिशला दूरची नेटवर्क स्टेशनं कायदेशीर मिळतात, फॉर्म आणि गाडीच्या नोंदणीची प्रत दिली की झालं. २०१९ च्या कायद्याने हा परवाना कायमचा केला, पण तो उरला मुख्यतः आरव्ही, मालवाहू ट्रक आणि ज्या बाजारात एखादं नेटवर्कच नाही अशा ठिकाणांसाठी. म्हणजे ड्युरँगोच्या कँपग्राउंडवर आठ दिवस उभ्या असलेल्या मला हजार मैलांवरचं स्टेशन दिसतं, आणि तिथे कर भरणाऱ्या पठारवासींना त्यांच्या राजधानीचं नाही. हे मला बरोबर वाटत नाही.

जाहिरात_विभाग

आरव्हीला घरचा बाजारच नसतो, म्हणून ती सूट. असो. पठारवासी, एक सरळ प्रश्न: आज मोठ्या शहरांतली बरीच स्टेशनं आपल्या बातम्या अॅपवर फुकट दाखवतात. बातम्याच हव्या असतील तर डिश कशाला? आणि २०१४ च्या कायद्यात काउंटीचा बाजार बदलून मागायची सोय झाली. तुमच्या काउंटीनेच ती वापरली ना?

पठारवासी

वापरली. अर्ज केला आणि एफसीसीने, म्हणजे टीव्ही-दूरसंचाराच्या सरकारी नियामकाने, २०१७ मध्ये डेन्व्हरच्या चार स्टेशनांसाठी मान्यही केला. त्या कामात धावपळ केलेल्या मंडळींचा मला अभिमान आहे. पण एफसीसीचा कागद म्हणजे पडद्यावरचं चित्र नव्हे. तरंगलांबींनी सांगितलेला झोत आहे, स्टेशनची संमती आहे, पैशांची बोलणी आहेत. आणि एका काउंटीने वकील लावून वर्षानुवर्षं भांडायचं, तेव्हा तिला मिळणार. शेजारच्या लहान काउंटीकडे वकिलाचे पैसे नसतील तर?

अॅपचं म्हणाल तर गावात चालतं. गावापासून पंचवीस मैलांवर दरीत आमचे एक मित्र राहतात, मेंढ्या आहेत त्यांच्या. इंटरनेट असं की फोटो उघडायला चहा होतो. डिश हीच त्यांची खिडकी. तुमची मालिका आणि फुटबॉल डेन्व्हरच्या चॅनेलवर झाकून टाका, माझी हरकत नाही. संध्याकाळच्या बातम्या आणि उमेदवारांच्या वादचर्चा तेवढ्या उघड्या ठेवा. फर्निचरवाल्याचं यात काय जातं?

जाहिरात_विभाग

बातम्यांच्या वेळेची जाहिरात जाते, आणि आमची सगळ्यात महाग विकली जाणारी वेळ तीच. मालिका झाकून बातम्या दिल्यात तर माझ्या दृष्टीने तुम्ही हाड काढून मांस नेलंत. वादचर्चांपुरतं मात्र मी तुमच्याबरोबर आहे. त्यात जाहिरात नसली तरी चालेल, आणि निवडणुकीच्या दोन महिन्यांत अनाथ काउंट्यांना त्या दाखवायला आमच्या स्टेशनने हरकत घेतली तर मी आत बसून भांडेन.

जुना_डिशवाला

दोन महिने का? विधानसभा जानेवारीत भरते.