घोळ तुम्ही कशी ओळखता, कशी खाता?

कुंडीत, वाफ्याच्या कडेला आपोआप उगवणारी घोळ मी कित्येक वर्षं तण म्हणून उपटली. आता मुद्दाम राखते. तुमचेही अनुभव लिहा, फसला असाल तर तेही.

माझी ओळखायची खूण देठ. गुळगुळीत, लालसर, रसानं टच्च भरलेला. पानं जाड, चमच्याच्या आकाराची, फांदीच्या टोकाशी दाटीनं. सकाळच्या उन्हात इवलंसं पिवळं फूल उघडतं. बी पिकलं की बोंडाची टोपी अलगद निघते आणि आत काळं, वाळूएवढं बी दिसतं.

*

देठ मोडून बघायला मी चुकीनंतर शिकलो. घाईत जुडी खुडली, धुताना बोटं चिकट झाली. एक देठ मोडला तर पांढरा चीक! जमिनीलगत पसरणारं दुधी नावाचं तण (भोपळा नव्हे) त्यात आलं होतं. सगळी जुडी फेकली. दुधीचा देठ तारेसारखा बारीक, पान पातळ. पण दोन्ही एकमेकींत गुंतून वाढतात, म्हणून आता फांदी न् फांदी मोडून बघतो. चीक आला तर ती घोळ नाही. आणि तणनाशक मारलेल्या जागेची तर खरी घोळही घेत नाही.

*

बारीक पानं, पेरांवर पांढरे केस आणि फुलाला चारच पाकळ्या असतील तर ती चिवळ. घोळीचीच बहीण, तीही खातात.

*

पावसानं ओढ दिली की पहाटे खुडलेली घोळ चांगलीच आंबट लागते, तीच दुपारनंतर मवाळ. पाणी कमी पडलं की ती रात्री हवा घेऊन मॅलिक आम्ल साठवते आणि दिवसा वापरते. मला आंबट आवडते, म्हणून उजाडताच खुडते. कच्चीच, कुरकुरीत.

*

मला मुतखडा होऊन गेलाय. घोळीत ऑक्झलेट भरपूर, त्यामुळे डॉक्टरांना विचारूनच खातो. तीही थोडी, उकळून पाणी टाकून, दह्याबरोबर.

*

उपटलेली घोळ मी कोपऱ्यात ढीग करून ठेवली होती. आठवड्यानं पाहिलं तर खालच्या फांद्यांना मुळं फुटलेली आणि वर बोंडं पिकलेली! तेव्हापासून उपटत नाही, शेंडे तेवढे खुडते. खुडल्या जागी दोन फुटवे येतात.