हर्मायनीला सगळं माफ?

ताई, हॅरी पॉटरच्या गोष्टीत हॅरी-रॉन उतावळे आणि हर्मायनी तेवढी तत्त्वाची पक्की, हे तुमचं म्हणणं काही पटलं नाही बुवा. पाचव्या भागातली (२००३) मॅरिएटा आठवा, चोची मैत्रीण. विद्यार्थ्यांच्या गुप्त मंडळाच्या यादीवर सह्या घेताना कागद मंतरलेला आहे, हे हर्मायनीने कुणालाच सांगितलं नव्हतं. मॅरिएटा फुटली, मंडळाचं गुपित सांगून बसली आणि तिच्या नाका-गालांवर जांभळ्या फोडांनी 'चुगलखोर' उमटलं. सहाव्या भागात शाळा पुन्हा सुरू होते, तेव्हाही ती चेहऱ्यावर मेकअपचे थर थापून बसलेली! बरं, तिची आई जादू मंत्रालयात नोकरीला, आणि मंडळ त्याच मंत्रालयाच्या विरोधात. पोरीची काय तंतरली असेल! चो तिची बाजू घेते, तर हॅरी उलट त्या युक्तीचं कौतुक करतो.

पाचव्याच भागात शिक्षिका अंब्रिज शिक्षा म्हणून हॅरीच्या हातावर अक्षरं कोरायला लावते. (बाई महाडँबिस, तिची वकिली मी करणार नाही.) पण तो छळ, आणि हा न्याय?

इथे इंदुरात रविवारी पोहे-जिलेबी खाता खाता यावरून भाचीशी जुंपली. ती म्हणे, "मावशी, युद्धात एवढं चालायचंच." चालायचं ना? मग चौथ्या भागात ज्या यातनेच्या शापाला जन्मठेप सांगितली, तोच सातव्यात हॅरी शत्रूपक्षातल्या कॅरोवर सोडतो. कारण काय, तर कॅरो मॅकगोनॅगलबाईंवर थुंकला. आणि शिस्तीच्या कडक बाई रागावतात कमी, भारावतात जास्त!

किड्याचं रूप घेणाऱ्या पत्रकार रीटा स्कीटरला हर्मायनीने बरणीत कोंडून ठेवलं, त्याचा तर कुणी विषयच काढत नाही.