बिल्डिंगचं बीएमएस क्लाउडवर टाकायचं का? एजीएममध्ये वाजलंय

मुलुंडकर:
मंडळी, आमच्या टॉवरच्या एजीएमपुढे प्रस्ताव आलाय. पंप, गच्चीवरच्या टाक्यांची लेव्हल, डीजी (जनरेटर), एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट), बेसमेंटचे एक्झॉस्ट फॅन, सगळ्याला सेन्सर लावून इंटरनेटवर घ्यायचं आणि कमिटी मेंबरांच्या मोबाइलवर ॲप. बिल्डरने दिलेलं बीएमएस, म्हणजे बिल्डिंगची यंत्रं एका जागेवरून बघायची-चालवायची सिस्टिम, आहे तसं, पण ते बेसमेंटच्या केबिनमधल्या जुन्या पीसीवर चालतं, कीबोर्डवरची अर्धी अक्षरं पुसली गेलीत आणि स्क्रीनवर कायम लाल अलार्म, ज्याच्याकडे आता कोणी बघतही नाही. नवीन पार्टी म्हणते पीसी भंगारात टाका, आम्ही एक गेटवे, म्हणजे डेटा नेटवर पाठवणारा डबा, बसवतो, बाकी सगळं आमच्या सर्व्हरवर.

माझा विरोध आहे. ऑटोमेशनला नाही हां, ते हवंच. पण पंप कधी चालू करायचा हे ठरवणारा प्रोग्रॅम बिल्डिंगच्या बाहेर ठेवायचा म्हणजे आपलं पाणी दुसऱ्याच्या हातात दिलं. पालिकेचं पाणी ठरावीक वेळेत येतं, त्या वेळात खालची टाकी भरून वर चढवायचं गणित चुकलं की संध्याकाळी टँकर शोधत फिरा. नेट गेलं, त्यांचा सर्व्हर बसला किंवा सबस्क्रिप्शनच्या पैशांवरून वाद झाला तर काय करायचं? कोटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय 'कंट्रोल लॉजिक होस्टेड', म्हणजे तो प्रोग्रॅम त्यांच्या सर्व्हरवर. तुमची मतं सांगा.

चिलरवाला:
मुलुंडकर, तुमच्या कोटेशनमधल्या त्या एका ओळीवर मी पण फुली मारली असती, पण त्यावरून सगळ्या इंटरनेटवाल्या बीएमएसला झोडू नका. मी बीकेसीत चिलर प्लांट (ऑफिसांच्या एसीसाठी पाणी थंड करतो तो) सांभाळतो, बरीच वर्षं. इमारतीतली यंत्रं एकमेकांशी बोलतात यात नवीन काही नाही, त्यांच्या बोलण्याच्या भाषा जुन्याच आहेत, मॉडबस १९७९ चा आहे, बॅकनेट १९९५ मध्ये स्टँडर्ड झालं. नवीन हे की तो डेटा आता बाहेर जातो आणि कोणीतरी तो खरंच बघतं.

उदाहरण देतो. फॅनचा स्पीड ८० टक्क्यांवर आणला की वीज जवळपास निम्मी लागते, कारण पॉवर स्पीडच्या घनाच्या प्रमाणात जाते. म्हणून तर एएचयूला (मजल्यावर थंड हवा फेकणारं युनिट) व्हीएफडी, म्हणजे फॅनचा स्पीड कमीजास्त करणारा ड्राइव्ह, लावतात. आता कुठल्याही जुन्या ऑफिस टॉवरच्या एएचयू रूममध्ये जाऊन बघा, व्हीएफडी मॅन्युअलवर ५० हर्ट्झला, म्हणजे फुल स्पीडला, ठोकून ठेवलेला असतो, कारण कधीतरी कोण्या साहेबांना गरम झालं होतं आणि नंतर कोणी परत ऑटोवर टाकलाच नाही. चिलरचंही तेच. पाणी साधारण ७ डिग्रीने जायचं आणि १२ ने परत यायचं असं डिझाइन असतं, ते ९ नेच परत येत असेल तर पंप पाणी फुकट फिरवतायत. पण लॉगबुक उघडा, दर तासाला ७, १२, ७, १२, सगळं एकाच पेनाने, एकाच बैठकीत शिफ्ट संपताना भरलेलं. सेन्सर निदान झोप काढून आकडे तरी लिहीत नाही.

गच्चीवरचा_कावळा:
सेन्सर झोपत नाही, पण दार उघडं ठेवून बसतो त्याचं काय? मी नेटवर्क सिक्युरिटीत आहे, जरा कडू बोलतो. बॅकनेट बनलं तेव्हा सगळी यंत्रं एकाच इमारतीत, एकाच वायरवर, त्यामुळे समोरचा कोण हे विचारायची पद्धतच नव्हती. ज्याला नेटवर्क मिळालं तो सेटपॉइंट (तापमान वगैरेचा ठरवून दिलेला आकडा) बदलू शकतो. तेच डबे आता लोक उचलून इंटरनेटवर टाकतायत. सुरक्षित आवृत्ती, बॅकनेट सिक्युअर कनेक्ट, ती २०१९-२० ला आली, म्हणजे त्याआधीचं जे काय भिंतीत बसलंय ते तसंच आहे.

२०१३ मध्ये अमेरिकेत टार्गेट या दुकानांच्या साखळीतून ४ कोटी कार्डांची माहिती गेली, शिरले कसे तर एसी-रेफ्रिजरेशनच्या ठेकेदाराच्या लॉगिनने. २०१६ च्या नोव्हेंबरात फिनलंडमध्ये लापेनरांता गावात राहत्या इमारतींच्या हीटिंग कंट्रोलरवर फालतू ट्रॅफिकचा मारा झाला, कंट्रोलर सारखे रीस्टार्ट होत राहिले आणि ऐन थंडीत लोकांचं हीटिंग बंद. आणि आपल्याकडे? व्हेंडर रिमोट ॲक्सेस लावून जातो, पासवर्ड ॲडमिन आणि तोच वॉचमनच्या केबिनमध्ये पांढऱ्या बोर्डावर लिहिलेला.

चिलरवाला:
टार्गेटचं उदाहरण सगळे देतात राव. ते लोक एसीच्या कंट्रोलमधून नव्हते शिरले. त्या ठेकेदाराचं म्हणणं होतं की त्यांचं कनेक्शन बिलिंग, करार, प्रोजेक्टची कामं यापुरतंच होतं. म्हणजे दोष ठेकेदाराला नेटवर्कमध्ये कुठपर्यंत फिरू दिलं त्याचा. फिनलंडचं मात्र मान्य, ते थेट आपल्यासारख्यांना लागू होतं. पण उपाय काय, नेट तोडणं? बीएमएसचं नेटवर्क ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवा, बाहेरून आत यायला पोर्ट उघडू नका, कंट्रोलरने स्वतः आतून बाहेर डेटा पाठवावा. आणि लॉजिक इमारतीतल्या कंट्रोलरमध्येच राहू दे. क्लाउड मेला तरी इमारत चालली पाहिजे, इतकं साधं आहे.

परळची_नोकरदार:
प्लांटवाल्यांचं झालं असेल तर आत बसणाऱ्यांचं पण ऐका. आमच्या ऑफिसात मागच्या वर्षी सगळं 'स्मार्ट' झालं. पूर्वी थंडी वाजली की एसीच्या मामांना हाक मारायची, ते येऊन डँपर (हवेची झडप) थोडा फिरवायचे, विषय संपला. आता ॲपवर तिकीट टाकायचं, ते कुठल्या तरी दुसऱ्या शहरातल्या कंट्रोल रूमला जातं, तिथून उत्तर येतं की तुमच्या झोनचं तापमान २४ आहे, तिकीट क्लोज्ड. अहो, सेन्सर खांबावर आहे आणि मी डिफ्यूझरखाली, थंड हवेच्या जाळीखाली! शाल घेऊन बसते मी मे महिन्यात. संध्याकाळी उशिरा एकटी काम करत बसले की दिवे जातात कारण मी हलत नाहीये, मग हात वर करून ओवाळायचं, लोकांना वाटतं आरती चाललीय.

आणि टेबलाखाली सेन्सर लावलेत, कोण किती वेळ जागेवर होतं ते कळतं. वीज वाचवायला म्हणे.

चिलरवाला:
ताई, २४ बद्दल दोष बीएमएसला देऊ नका, घरच्या स्टार रेटिंगवाल्या एसींना सुद्धा २०२० पासून २४ हेच डिफॉल्ट केलंय, आणि बीईई, म्हणजे स्टार रेटिंग ठरवणारी सरकारी संस्था, सांगते की एक डिग्री वाढवली की साधारण ६ टक्के वीज वाचते. टेबलाखालच्या सेन्सरचं म्हणाल तर तो एचआरचा कारभार, आमचा नाही.

परळची_नोकरदार:
वायर तुमच्याच पॅनेलमध्ये जाते ना? मग तुमचाच कारभार. हवा ठरवायला खोलीत माणसं आहेत का एवढं कळलं की पुरतं, त्यासाठी सीओटू सेन्सर असतो. कोण कुठे बसलंय ते कशाला हवं?

विक्रोळीचा_वायरमन:
मी पंप पॅनेलची कामं करतो, सोसायट्यांची जास्त, त्यामुळे मुलुंडकर साहेबांच्या बाजूने बोलणार. टाकीत अल्ट्रासोनिक लेव्हल सेन्सर लावतात, झाकणाखाली. बंद टाकीत वाफ धरते, सेन्सरच्या तोंडावर पाण्याचे थेंब जमतात आणि रीडिंग गंडतं, टाकी भरलेली दाखवतो, पंप चालूच होत नाही, आणि सकाळी सगळी बिल्डिंग बोंबलते. ॲपवर मात्र हिरवं. साधा फ्लोट स्विच कचऱ्यात अडकतो, पण तो अडकलाय हे डोळ्यांना दिसतं तरी. मी दोन्ही लावतो, आणि पॅनेलवर ऑटो-मॅन्युअलचा सिलेक्टर ठेवतोच, कोणी कितीही सांगितलं तरी काढत नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची लाइट गेली, लोकल थांबल्या, तो दिवस आठवा. डीजीवर पंप चालले, पण राउटर यूपीएसवर होता किती सोसायट्यांचा?

पार्लेची_अनघा:
मी सोसायटीची सेक्रेटरी आहे, आणि या सगळ्या पुरुषमंडळींच्या विरुद्ध ठामपणे सांगते, लावा! विक्रोळीकर भाऊ, तुमच्यासारखा माणूस रोज दारात असता तर मला ॲप नकोच होतं. आमचे पंपवाले काका गावी गेले की बदली मुलाला कुठला व्हॉल्व्ह कुठल्या विंगचा ते माहीत नसतं, ते सगळं काकांच्या डोक्यात. रात्री वरची टाकी ओसंडून वाहते, वॉचमनला पत्ता नाही, पहिल्यांदा कळतं ते सर्वात वरच्या मजल्यावाल्यांना, छत भिजल्यावर. आता निदान मोबाइल वाजतो आणि रात्री पंप किती वेळ चालला ते सकाळी दिसतं. गळती आम्हाला तशीच सापडली.

बाकी एक वेगळंच सांगते. खरं भांडण होणार आहे पाण्याच्या मीटरवरून. आदर्श उपविधींप्रमाणे पाण्याचे पैसे नळांच्या संख्येवर आणि आकारावर वाटतात, वापरावर नाही. एकदा का प्रत्येक फ्लॅटला स्मार्ट मीटर लागला आणि कोण किती वापरतं ते स्क्रीनवर आलं, की दोन माणसांचं घर आणि आठ माणसांचं घर एकाच दराने का, हा प्रश्न पुढच्याच मीटिंगला येणार. येऊ दे, यायलाच हवा.

आणि फायरचं कोणी बोललं नाही. ॲपवर फायर पंप हिरवा दिसतो म्हणून जानेवारी-जुलैचा फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू आहे असा दाखला) टळत नाही, राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याने लायसन्सधारक एजन्सीकडून तो वर्षातून दोनदा घ्यावाच लागतो.

गच्चीवरचा_कावळा:
फायरच्या मुद्द्याला जोडून. फायर अलार्म पॅनेल स्वतंत्रच हवं, बीएमएसने फक्त वाचायचं, हुकूम द्यायचे नाहीत. आणि अनघाताई, व्हिजिटर, लिफ्टची कार्डं, मीटर, हे सगळं एका ॲपमध्ये आलं की कुठला फ्लॅट किती दिवस रिकामा आहे तेही त्यात आलं. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटाचा कायदा झालाय, तो डेटा कोण बघतो, किती दिवस ठेवतो हे करारात लिहून घ्या. तोंडी 'काही होत नाही मॅडम' चालणार नाही.

चिलरवाला:
करारात अजून एक. पॉइंट लिस्ट (कुठला सेन्सर-स्विच कुठे जोडलाय त्याची यादी), प्रोग्रॅमचा बॅकअप आणि ॲडमिन पासवर्ड सोसायटीच्या नावावर. हे मागितलं की अर्धे व्हेंडर आपोआप गळतात.

मुलुंडकर:
वाचलं सगळ्यांचं. लॉजिक कंट्रोलरमध्ये आणि पासवर्ड आमच्याकडे असेल तर माझा अर्धा विरोध गेला. उरलेला अर्धा पैशांचा. ऑफिस टॉवरमध्ये चिलर आहेत, वाचवायला वीज आहे. आमच्याकडे काय, दोन-चार पंप आणि फॅन. एवढ्यासाठी दरवर्षी सबस्क्रिप्शन भरण्यापेक्षा पॅनेलला चांगला लेव्हल कंट्रोलर आणि एक हूटर पुरेल असं मला अजूनही वाटतं.

पार्लेची_अनघा:
हूटर ऐकायला खाली कोणीतरी जागं लागतं मुलुंडकर.

विक्रोळीचा_वायरमन:
हूटर मी खूप ठिकाणी लावलेत ताई. पुढच्या सर्व्हिसिंगला गेलो की बहुतेक ठिकाणी वायर काढून ठेवलेली असते, वॉचमन म्हणतो फार वाजत होता.