एजंटने सुचवलेला सॉलिसिटर घ्यायचा का?
वर विचारलंय की इंग्लंडमध्ये घर घेताना एस्टेट एजंटने सुचवलेलाच सॉलिसिटर (म्हणजे खरेदीचं कायदेशीर काम बघणारा वकील) घ्यावा लागतो का. अजिबात सक्ती नाही. त्या शिफारशीचे पैसे बऱ्याचदा एजंटला मिळत असतात, तेव्हा स्वतः दोन-तीन ठिकाणी फीची चौकशी करा. लायसन्स्ड कन्व्हेयन्सर, म्हणजे फक्त मालमत्तेच्या व्यवहारांचं कायदेशीर काम करणारा परवानाधारक, तोही चालतो. फक्त तुम्हाला कर्ज देणाऱ्या बँकेच्या पॅनेलवर (तिने मान्य केलेल्यांच्या यादीत) तो आहे ना, हे पहिल्याच फोनवर विचारा.

आपल्या लोकांचं गाडं हमखास अडतं ते डिपॉझिटच्या पैशांवर. आईबाबांनी पुण्याहून पैसे पाठवले असतील तर ते कुठून आले याचा पुरावा लागतो: त्यांची बँक स्टेटमेंट्स, एफडी मोडल्याची पावती, शिवाय पैसे परत नकोत आणि घरात हिस्साही नको असं पत्र. आमचे तीन आठवडे यातच गेले. ऑफर मान्य झाली त्याच दिवशी ही जमवाजमव सुरू करा, कारण कॉन्ट्रॅक्ट एक्स्चेंज होईपर्यंत, म्हणजे दोन्ही बाजूंचे सही केलेले करार अदलाबदल होऊन व्यवहार बंधनकारक होईपर्यंत, विकणारा कधीही मागे फिरू शकतो.

फ्लॅट लीजहोल्ड (म्हणजे ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावर, ज्याला लीज म्हणतात) असेल तर लीजची किती वर्षं उरलीत, सर्व्हिस चार्ज (इमारतीच्या देखभालीचा खर्च) किती, हे सगळं लेखी समजावून घ्या. ८० वर्षांच्या खाली आलेली लीज मी तरी घेणार नाही.

आणि कळकळीने सांगतो, ‘आमचं बँक खातं बदललंय’ अशी ईमेल सॉलिसिटरच्या नावाने आली तर एक पौंडही पाठवू नका. तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून आधी खात्री करा.